तुळशीपत्र घातलेला काढा

पातेलं गरम होतं म्हणून मी ते पदरानं धरलं होतं. समोर ओसरीवर पाच माणसं बसली होती आणि पाचही जण एका पेढ्यांच्या बॉक्सकडे बघत होते. बॉक्समध्ये पेढे नव्हते. अंड्याची टरफलं होती.

"शाळेच्या मागं, कडुलिंबाखाली सापडली," पतंगे सर म्हणाले. निवृत्त मुख्याध्यापक आणि संस्थेचे सचिव. बॉक्सचं झाकण त्यांनी दोन बोटांत असं धरलं होतं, की जणू टरफलं उठून चावतील. "आपल्या शाळेच्या मागं. सात्त्विक विद्यामंदिराच्या!"

"शिव शिव शिव," दौलतराव म्हणाले. साखर कारखान्याचे माजी संचालक.

"उकडलेलं की कच्चं?" भाऊकाकांनी विचारलं. भाऊकाका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ.

"त्यानं काय फरक पडतो?"

"नाही, आपलं विचारलं."

"खिचडी शिजवणारी बाई, शाळेच्या चुलीवर अंडं उकडते. आणि वर म्हणते भांडं वेगळं होतं."

"भांडं वेगळं असलं तरी चूल एकच," मधल्या खुर्चीतून नाना म्हणाले. नाना तोडकर, माझे सासरे, संस्थेचे संस्थापक-अध्यक्ष. डावा पाय त्यांनी जमिनीवर ठाम टेकवला होता, आणि तो टेकलेला दिसावा म्हणून धोतर जरा वर घेतलं होतं. "चूल बाटली. हौसाबाईला आजच्या आज काढायचं. आणि गुपचूप नाही, गावाला कळेल असं काढायचं. हेमंत, ठराव लिही."

हेमंत माझा नवरा. पाचवा. त्यानं पेनचं टोपण काढलं.

मी उंबऱ्यात उभी होते. पातेल्यातून वाफ निघत होती.

तिथंच मला जरा वेळ उभी राहू दे. पातेल्यात काय होतं ते आधी सांगते.

०

नानांचा डावा अंगठा एका सकाळी वांग्यासारखा झाला. तसाच जांभळा, तसाच चकचकीत. पांघरुणाची चादर लागली तरी नाना ओरडायचे. पंखा लावला तर वारा टोचतो म्हणायचे. पाय उशीवर, आणि उशीभोवती सगळं घर.

सांगलीच्या डॉक्टरांनी अंगठा लांबूनच बघितला.

"गाउट आहे. दारू?"

नानांनी पाय मागं घेतला.

"घेत असाल तर सांगा, त्यात लाजायचं काही नाही. मटण? कलेजी वगैरे?"

माझ्या सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. तालुकाभर त्यांची व्यसनमुक्तीची भाषणं. शेजारच्या मांडवात रस्सा शिजतोय असं नुसतं कळलं तरी भरल्या ताटावरून उठणारा माणूस. आणि उठताना चार लोकांनी बघितलंय ना, एवढं बघून घेणारा.

"डॉक्टर, तुम्ही मला ओळखत नाही."

"मी युरिक अ‍ॅसिड ओळखतो," डॉक्टर म्हणाले. "शाकाहारी माणसालाही होतो. हा झटका एक वेळ आपोआप उतरेल, पण परत येईल. गोड कितपत खाता? रस, काकवी—"

तोवर नाना एका पायावर उभे राहिले होते. गोळ्यांची चिठ्ठी टेबलावरच राहिली.

घरी आल्यावर त्यांनी वाटीभर काकवी मागितली. आमच्याकडं भाकरीबरोबर दोन्ही वेळेला काकवी असायचीच, दुपारी उसाचा रस. डॉक्टरचा अपमान गिळायचा म्हणून त्या दिवशी दोन वाट्या.

पतंगे सर भेटायला आले तेव्हा म्हणाले, "गाउट म्हणजे राजरोग बरं का नाना. मोठमोठ्या राजांना व्हायचा." नानांचा चेहरा जरा उजळला. पण गावात ही गोष्ट दुसऱ्या वाटेनं गेली होती. पारावर कुणीतरी म्हणालं, "हा रोग पिणाऱ्याला हुतो म्हणं. तरीच म्हटलं, नाना सारखं सांगलीला कशापायी जात्यात." ते ऐकल्यावर नाना अंगठ्यापेक्षा जास्त कळवळले.

आता असं औषध पाहिजे होतं, जे देणारा खाण्यापिण्याचं विचारणार नाही, आणि घेणाऱ्यालाही कुणी काही विचारणार नाही. ते दौलतरावांनी शोधलं.

"मिरजेत एक चायनीज आहे. ली म्हणून. जडीबुटी देतो. पाच हजार वर्षांचं शास्त्र आहे, नाना."

पाच हजार वर्षं म्हटलं की आमच्या घरात प्रश्न संपतात.

०

हेमंत नानांना घेऊन मिरजेला गेला. परत आल्यावर नानाच सांगायला बसले. नाराज होते.

"दाढी नाही, झगा नाही, काही नाही. बुशशर्ट घालून बसलाय. वर बोर्ड कवळ्यांचा. मला म्हणतो, या पावणं, बसा."

"आजोबा कवळ्या बसवायचे त्याचे," हेमंत म्हणाला. "तेच इथं आले पहिल्यांदा. जडीबुटीही त्यांचीच."

"मी म्हटलं, चिनी भाषेत एक-दोन वाक्यं बोला. म्हणे, मला येत न्हाई, मी मराठी शाळेत शिकलोय. बरं, नाडी तरी बघा. तर म्हणे, पाय बघतो की, दुखतंय कुठं ते दिसतंय. आणि मुळी दाखवून म्हणतो, ही तुमच्या चोपचिनीची बहीण हाय, गणपती पेठेत काष्ठौषधीवाल्याकडं सुद्धा मिळंल. मी म्हटलं, ते काही नाही, आम्हाला चीनचंच द्या."

"मग दिलं?"

"दिलं ना! एकेका दिवसाची एकेक पुडी. सूनबाई, स्टीलच्या पातेल्यात उकळायचं, अर्धं आटवायचं, गाळायचं."

"पथ्य काही?" मी विचारलं.

"काही नाही," नाना म्हणाले.

हेमंत पुड्या कपाटात ठेवत होता. त्याची पाठ माझ्याकडं होती.

०

पुडीत काय नव्हतं! पिवळीधमक साल. पांढरे टपोरे दाणे. बटाट्याच्या वाळवणासारख्या चकत्या. आघाड्याच्या मुळीसारख्या काड्या. आणि करड्या-तपकिरी चपट्या पट्ट्या, वाळल्या गवारीएवढ्या. तीही कुठली तरी सालच असणार असं मी धरून चालले. वास इतका कडू, की उकळताना मांजर घर सोडून जायचं.

आता नानांची एक रीत सांगायला पाहिजे. ते काहीही देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नसत. पाणीसुद्धा. मग औषध कसं घालतील? काढा आधी देव्हाऱ्यात जायचा, त्यावर तुळशीचं पान ठेवायचं, नाना डोळे मिटून हात जोडायचे आणि मग पितळी पेल्यातून प्यायचे. चोथाही उकिरड्यावर टाकायचा नाही. देवापुढचा म्हणून तो तुळशीच्या बुंध्याशी. ते काम माझं.

अंगठा उतरला. आठवड्याभरात नाना काठी न घेता शाळेपर्यंत चालत गेले आणि वाटेत जो भेटेल त्याला पाय दाखवत गेले. डॉक्टर म्हणाला होता आपोआप उतरेल. पण ते कोण लक्षात ठेवतंय? गाव म्हणालं, चीनचा गुण. नाना म्हणाले, तुळशीपत्राचा.

मग एका सकाळी पतंगे सर पूजेच्या वेळेला आले. काढा देवापुढं होता. सरांनी जुन्या सवयीनं उजव्या हाताची पळी करून पुढं केला.

नाना क्षणभर थांबले. मग त्यांनी पेल्यातला चमचाभर काढा सरांच्या तळहातावर घातला. सरांनी तो ओढून घेतला, ओला हात डोळ्यांना, मग टाळूला लावला.

"कडू आहे," सर म्हणाले. "पण आत गेल्या गेल्या काहीतरी वाटलं."

दुसऱ्या दिवशी दौलतराव आले. मग भाऊकाका. नंतर पूजेची वेळ झाली की तिघंही हजर. पतंगे सरांचा गुडघा हलका झाला, दौलतरावांना झोप लागायला लागली, भाऊकाकांना भूक. आमच्या ओसरीवर काढ्याचं तीर्थ झालं. टाकीच्या पाण्यापेक्षा जास्त वक्तशीर.

तुळस तर अशी तरारली, की शेजारच्या बायका रोप मागायला आल्या.

०

हौसाबाईचं घर आमच्या परसाला लागून. तिच्या कोंबड्या कुंपणातून यायच्या आणि तुळशीशी उकरायच्या. नाना बघायचे तेव्हा ओरडायचे, "सूनबाई, हाकला! तुळशीला शिवतायत!"

त्या दिवशी मी चोथा टाकून वळले तर एक तांबडी कोंबडी त्यातली एक पट्टी चोचीत धरून पळत सुटली. मागं दुसऱ्या दोघी. ओढाताण, फडफड.

मी बघत राहिले. कोंबडी साल खात नाही.

मी खाली बसले, काडीनं चोथा पसरला. उकळून मऊ झालेल्या पट्ट्या फुगल्या होत्या आणि त्यांच्यावर कडी दिसत होती. बारीक, एकाला लागून एक. एका पट्टीवर मध्येच रुंद फिकट कडं.

ते कडं ओळखायला मला कुणी चिनी माणूस लागत नाही. गोठ्यामागं आमच्या गांडूळखताचा खड्डा आहे. नानांनीच सुरू केलेला. शेतकऱ्यांच्या सहली येतात बघायला. एकदा गड्याच्या खुरप्यानं एक गांडूळ तुटलं तर नानांनी त्याला उभं केलं होतं. "जीव आहे तो! शेतकऱ्याचा मित्र आहे! तुझ्या पोराला कुणी असं कापलं तर?" गडी दिवसभर मान खाली घालून होता.

मी देव्हाऱ्याकडं बघितलं. पितळी पेला धुऊन पालथा घातलेला होता.

हेमंतला सांगितलं नाही. त्याला सांगितलं तर तो म्हणणार, "असू दे." त्याचं कुठल्याही गोष्टीवर तेवढंच म्हणणं असतं. आणि नानांना कुणी सांगायचं? गळ्यात माळ घालून ते महिनाभर गांडुळांचं पाणी पीत होते, तेही नैवेद्य दाखवून. कळलं तर माणूस हाय खाईल, अन्नपाणी सोडेल, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी सासऱ्यांना जपत होते! रोज उकळत होते, रोज फडक्यानं दोनदा गाळत होते आणि चोथा खोल पुरून वर माती ओढत होते. तरी कोंबड्यांना सापडायचाच.

०

मग ती टरफलं.

सभेच्या सकाळी हौसाबाई मागच्या दारानं आली. पदर तोंडाला.

"वैनी, नानास्नी एवढं सांगा. म्या चोरून न्हाई केलं. अश्विनी हाय न्हवं सुतारांची, आजीजवळ ऱ्हाती ती, प्रार्थनंला उभी ऱ्हायली आन् धाडकन पडली. सरकारी दवाखान्यात म्याच न्हेली. डॉक्टरीण म्हणली, हिच्या अंगात रगत न्हाई, ताकद न्हाई, रोज एक अंडं घाला, औषध समजून घाला. आता तिची आजी कुठनं घालंल? माझ्या कोंबड्या हाईत की. म्हणून माझ्या मगामदी, माझं पानी घालून, कडंला उकडलं. खिचडीला हात सुदिक लावला न्हाई तसा."

"पोरगी कशी आहे आता?"

"पळती की! काल लंगडीत पोरांस्नी हरवलं तिनं." हसली, आणि लगेच परत रडायला लागली. "माझं ऱ्हाऊ दे वैनी. पर मला काढली तर तिला कोन देनार? आन् मला गावाम्होरं बाटवी म्हणून काढली तर दुसऱ्या दारात तरी कोन उभं करंल?"

"तू सांगितलंस का सरांना, डॉक्टरीण औषध म्हणाली ते?"

"सांगितलं की. सर म्हणलं, अंडं ते अंडंच."

ओसरीवर खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. सभा पूजेनंतर होती, म्हणजे आधी तीर्थ झालं होतं. तिघांनी हात पुढं केले होते, डोळ्यांना लावले होते, टाळूवर फिरवले होते. मग तिघांनी तोंड पुसलं आणि पेढ्यांचा बॉक्स उघडला.

चोथा अजून पातेल्यात होता. थोडं पाणी घालून मी परत गॅसवर ठेवला. नीट फुगू दिला.

"तू जा घरी," मी हौसाबाईला म्हटलं. "आणि कोंबड्या कोंडू नकोस."

०

तर मी उंबऱ्यात उभी होते.

"सूनबाई, चहा नंतर," नाना म्हणाले.

"चहा नाही नाना. अंडं म्हणजे जीव, म्हणून हौसाबाईला काढताय ना?"

"हो. हा जिवाचा प्रश्न आहे. मुलांच्या पोटात पाप जाता कामा नये."

"मग हेही बघून घ्या. आजच्या तीर्थातलं आहे."

पेढ्यांच्या बॉक्सशेजारी एक ताट होतं. त्यात मी पातेलं पालथं केलं. साल, दाणे, चकत्या, काड्या. आणि ते. पडल्या पडल्या एक ताटाच्या कडेवरून खाली लोंबलं.

"काय आहे हे?" पतंगे सरांनी चष्मा सारखा केला.

"गांडुळं."

भाऊकाकांनी बोट लावून बघितलं. शेतकरी माणूस. "गांडुळंच हाईत," म्हणाले.

दौलतराव उठले, ओसरीच्या कठड्यापर्यंत गेले आणि तिथून खाली वाकले. बराच वेळ ते वाकलेलेच होते. पतंगे सरांचा हात टाळूवर गेला, तिथून चटका बसल्यासारखा परत आला.

मी नानांकडं बघत होते. आता हा माणूस कोसळणार, असं धरून मी मनात त्यांना सावरायची तयारी करून आले होते. पाण्याचा तांब्यासुद्धा भरून ठेवला होता.

नानांनी धोतराची निरी सारखी केली.

"बसा, दौलतराव," ते म्हणाले. "एवढं काही झालेलं नाही. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"लीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. औषध आहे ते. औषध म्हणून घेतलेल्या वस्तूला दोष नसतो. शास्त्रात आहे."

दौलतराव बसले नाहीत, परत कठड्यावरून खाली वाकले.

भाऊकाकांनी हळूच विचारलं, "ते खरं नाना. पर आम्हाला कुठं गाउट झाला हुता?"

नानांनी गळ्यातली माळ चाचपली. "प्रतिबंध," ते म्हणाले.

"नाना, मी रोज डोळ्यांना लावलंय!" पतंगे सरांचा आवाज फाटला.

"मी बोलावलं होतं का? तुम्हीच हात पुढं केलात. देवापुढचं मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?"

"पण हे... हे गावात कळलं तर? संस्थेचा सचिव, म्हणजे आपण सगळेच—"

"कोण सांगतंय गावात?" नाना म्हणाले, आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग बाकीच्यांनीही बघितलं. खाली वाकलेल्या दौलतरावांनी वळून बघितलं. हेमंतनं मात्र कागदाकडं बघितलं.

"गावात कशाला सांगायचं?" मी म्हटलं. "औषध आहे ना. औषधात लपवण्यासारखं काय असतं? कुणी विचारलं तर सांगीन, माझे सासरे आणि सगळे विश्वस्त गांडुळांचा काढा घेतात, औषध म्हणून. आणि सुतारांची अश्विनी अंडं घेते, तेही औषध म्हणून. सरकारी डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. दोघांनाही दोष नाही."

"त्या दोन गोष्टी एक कशा होतील?" पतंगे सर म्हणाले, पण म्हणताना त्यांनी पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावलं.

"खरंच एक नाहीत सर. अंडं देवाला दाखवलेलं नव्हतं." मी थांबले. "तसं म्हटलं तर दाखवलेलंच. हौसाबाईच्या कोंबड्या रोज आपल्या तुळशीशी येतात. हा चोथा त्याच खातात. नैवेद्याच्या औषधावर वाढलेली अंडी आहेत ती. नानांच्याच काढ्याची."

भाऊकाका खो खो हसले. एकटेच. कुणी साथ देत नाही म्हटल्यावर त्यांनी ते खोकल्यात नेलं.

नाना बराच वेळ ताटाकडं बघत होते. भाषणाआधी बघतात तसं.

"हेमंत," ते म्हणाले, "ठराव लिही."

हेमंतनं लिहिला. पतंगे सरांनी सांगितला, शुद्ध भाषेत, अडखळत. तो मला अजून तोंडपाठ आहे, कारण नंतर तो शाळेत काचेच्या चौकटीत लावला होता:

'वैद्यकीय सल्ल्याने घ्यावयाची कोणतीही वस्तू ही औषध समजण्यात यावी. औषधातील घटकांची चौकशी करण्यात येऊ नये. शालेय स्वयंपाक्यांनी असे औषध विद्यार्थ्यांस दिल्यास संस्थेची हरकत नाही. एकमताने मंजूर.'

दुसरं वाक्य नानांनी स्वतः घालायला लावलं.

दौलतराव चूळ भरून आले आणि त्यांनी सही केली. ताट उचलायला कुणी पुढं आलं नाही. ते मीच उचललं, तुळशीशी नेलं, सगळ्यांदेखत ओतलं. माती ओढली नाही. तांबडी आधीच कुंपणात मान घालून उभी होती.

०

अश्विनी आता दोन मुलांची आई आहे, बाजारपेठेत भेटली की लांबून हात करते. हौसाबाई निवृत्त होईपर्यंत त्याच चुलीवर राहिली. पुढं पुढं तर डॉक्टरीणबाईंनी बऱ्याच पोरांना औषध लिहून दिलं.

पण मी सांगत होते ते त्या दुपारचं. सगळे गेल्यावर हेमंत स्वयंपाकघरात आला. पाण्याचा तांब्या भरलेलाच होता, तो त्यानं प्यायला.

"जरा जास्तच झालं," तो म्हणाला.

"काय?"

"चारचौघांत. नानांना."

"नानांना माहीत होतं हेमंत! महिनाभर मी त्यांच्यापासून लपवत होते, आणि ते माझ्यापासून!"

त्यानं रिकाम्या तांब्यात बघितलं. मी हातातली सुरी खाली ठेवली.

"मिरजेला तू बरोबर होतास."

"हो."

"ली बोलला तेव्हा आत होतास?"

"हो, म्हणजे... शेजारीच बसलो होतो."

"काय म्हणाला तो?"

हेमंतनं तांब्या ठेवला, तो नीट मध्यभागी आहे का बघितलं. "म्हणाला, तुमच्या गळ्यात माळ दिसतीया म्हणून आधीच सांगतो, यात वाळलेली गांडुळं हाईत. नको असतील तर काढून देतो, बाकीच्यानंही होईल."

"आणि नाना?"

"नानांनी विचारलं, काढल्यावर गुण कमी येईल का? तो म्हणाला, जरासा कमी येईल. नाना म्हणाले, मग राहू द्या."

बाहेर ओसरीवर नाना कुणाला तरी मोठ्यानं पाय दाखवत होते.

"अजून?"

"गोड बंद करा म्हणाला. काकवी, रस सगळं. नाही तर हे पिऊन काही उपयोग नाही. नाना म्हणाले, बघू." त्यानं माझ्याकडं बघितलं. "कुणालाही सांगायचं नाही, असं नानांनीच सांगितलं होतं."

"गावाचं कळलं. मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू उकळलं नसतंस," हेमंत म्हणाला. अगदी सरळ. जसं काही ते कारण आहे.

मी सुरी उचलली आणि राहिलेली भाजी चिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांची आंघोळ झाली. देव्हाऱ्यात घंटा वाजली. ओसरीवर त्या दिवशी कुणी आलं नव्हतं. नाना पाटावर बसताना जरा अडखळले; अंगठ्याच्या बुडाशी परत लाली दिसत होती. समोर काकवीची वाटी होतीच.

मी हेमंतला उठवलं. ओट्यावर पुडी ठेवली, शेजारी स्टीलचं पातेलं, गाळायचं फडकं, काडेपेटी.

"काय?" तो म्हणाला.

मी पुडी उघडून त्याच्या हातात दिली. त्यानं मान फिरवली आणि डोळे मिटून सगळं पातेल्यात ओतलं. दोन पट्ट्या बाहेर पडल्या. त्या त्यानं बोटांनीच उचलल्या. दुसरं कोण उचलणार होतं?

"सूनबाई," बाहेरून नानांचा आवाज आला, "काढा झाला का?"

"तुमचा मुलगा करतोय."

देव्हाऱ्याकडून पाट सरकल्याचा आवाज आला.

"त्याला जमेल का?"

"जमेल की नाना," मी म्हटलं. "त्यात काय काय आहे ते त्याला माझ्याआधीपासून माहीत आहे."

आणि तुळशीचं पान तोडायलाही मी त्यालाच पाठवलं.